सतरा नंबरचा खांब

९ मे, शुक्रवार

आज माझी योजना मंजूर झाली. ऑफिसच्या कागदावर ती 'विभागाची योजना' आहे, पण इथे 'माझी' लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. डायरी लिहायची सवय मला नाही. मात्र बेअरट्रॅप ओढ्याचा रस्ता या उन्हाळ्यात सुधारला, तर तो कसा सुधारला हे कुणीतरी लिहून ठेवलेलं बरं, आणि तो कुणीतरी मीच असलेला आणखी बरा.

योजना साधी आहे. आजवर या रस्त्यावर ज्याला जिथे वाटेल तिथे तो गाडी उतरवायचा, पाण्याच्या कडेला तंबू ठोकायचा, दगडांचं रिंगण करून शेकोटी पेटवायचा. पुढच्या आठवड्यात दुसरा यायचा आणि शेजारी नवं रिंगण करायचा. जंगल सरकारी, म्हणजे सगळ्यांचं, म्हणजे कुणाचंच नाही. गवत मेलं, काठ ढासळले, प्रत्येक झुडपामागे कागदाचे बोळे. आता चांगल्या जागा निवडून तिथे नंबराचा खांब लावायचा आणि बाकीच्या वाटा मोठे धोंडे टाकून बंद करायच्या. भाडं नाही, नोंदणी नाही, नळ नाही. खांब आहे तिथे राहा, नाही तिथे राहू नका.

आमच्या वनखात्याच्या ऑफिसच्या प्रमुख ग्रेटा लिंडक्विस्ट गेल्या वर्षीच मिनेसोटाहून आल्या. कमी बोलतात. म्हणाल्या, "वेर्ल, मी वरच्यांकडून एकच हंगाम मागून घेतलाय. एल्कच्या शिकारीपर्यंत लोक खांब पाळताना दिसले तर ठीक. नाहीतर पुढच्या वर्षीपासून या रस्त्यावर मुक्कामच बंद. सगळ्यांचा."

आमच्या हॅम्लिन गावात लग्नाच्या तारखासुद्धा एल्कचा, म्हणजे इथल्या घोड्याएवढ्या सांबराच्या शिकारीचा, हंगाम टाळून धरतात. प्रत्येक घराची ओढ्यावर आपली एक जागा असते, आजोबांपासूनची. तिथे दुसरं कुणी तंबू टाकत नाही. हे कुठे लिहिलेलं नाही आणि लिहायची गरजही कधी पडली नाही. मुक्काम बंद झाला तर ऑक्टोबरात या गावाने करायचं काय?

पण बंद होणार नाही. मी आहे.

२४ मे, शनिवार

दिवसभर फीत घेऊन मोजमाप. नियम असा: ओढ्याच्या पुराच्या रेषेपासून शंभर फुटांच्या आत मुक्काम नाही. मी एकही फूट इकडेतिकडे केला नाही.

सगळ्यात वाईट वाटलं ते बर्डेटांच्या जागेचं. रेक्स बर्डेट माझ्याबरोबर शाळेत होता. त्याच्या जागेला लागून ओढ्याचा एक लहान फाटा जातो. उन्हाळ्यात तो आटतो, पण त्यांच्याकडे सावली आहे, ओल टिकते, म्हणून फाटा ओढ्यातच धरावा लागला. जागा बंद. रेक्स म्हणाला, "वेर्ल, ऑगस्टमध्ये तिथे बेडूकसुद्धा पाणी मागतो." मी म्हटलं नियम म्हणजे नियम. लोकांचं असंच असतं, प्रत्येकाला आपला तो बाब्या.

आमची हॅडलॉकांची जागा त्याच फाट्यावर, जरा खाली. आज फाट्यात गुडघाभर पाणी होतं, पण ते वितळत्या बर्फाचं. जुलैत तिथे धूळ असते. त्याला ओढा म्हणणं म्हणजे पाहुण्याला घरमालक म्हणणं. म्हणून तिथे मी मुख्य ओढ्यापासून मोजलं. शंभराच्या वर आरामात भरलं. नंबर सतरा.

शिकार टांगायचं आडवं लाकूड अजून तसंच आहे, दोन झाडांच्या मध्ये. बाबांनी बांधलेलं. त्यांचा शेवटचा हंगाम याच जागी झाला. मी जरा वेळ त्याखाली उभा राहिलो.

५ जून, गुरुवार

धोंडे टाकायला सुरुवात. माती खोदायचं यंत्र ट्वायला जेसपचं. तिच्यासारखा हात या खोऱ्यात कुणाचा नाही. धोंडा नुसता ठेवून भागत नाही, पेरावा लागतो. एक तृतीयांश जमिनीत, नाहीतर पिकअपवाले साखळी लावून तो बटाट्यासारखा ओढून बाजूला करतात. ट्वायलाने पेरलेला धोंडा रणगाड्यानेही हलणार नाही.

बर्डेटांच्या वाटेवर तीन पेरले. मग ती सतराच्या तोंडाशी यंत्र थांबवून बसली.

"इथे किती?" तिने विचारलं.

"इथे धोंडा नाही. इथे खांब."

"अस्सं." तिने फाट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे पाणी कुणाचं म्हणायचं मग?"

"बर्फाचं."

"आणि वरचं, बर्डेटांचं?"

"ट्वायला, तुला पगार दगड हलवायचा मिळतो."

"खरंय बाबा. डोकं हलवायचा तुला मिळतो," ती म्हणाली आणि एक भलामोठा करडा धोंडा उचलून रस्त्यापलीकडे नेऊन ठेवला. तो का ठेवला विचारलं तर म्हणाली, "असू दे. लागतो कधीकधी."

सगळे खांब लागले. संध्याकाळी गाडी हळू चालवत रस्त्याच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. तपकिरी खांब, पांढरे आकडे, सगळे ओळंब्यात. माझा ऊर भरून आला. खोटं कशाला लिहू?

१५ जून, रविवार

चर्चनंतर आईकडे जेवण. आई एकोणऐंशी वर्षांची आहे, कोंबड्या पाळते, स्वतःचा पिकअप स्वतः चालवते आणि माझ्यापेक्षा जोरात गाते. बीडाच्या भांड्यातले बटाटे, एल्कचं रोस्ट.

मी योजनेचं सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "सतरा कुणी मोजला?"

"मी."

"कुठून?"

"ओढ्यापासून."

"कुठल्या ओढ्यापासून? तुझ्या लहानपणी जूनमध्ये तंबूत पाणी शिरलं होतं, तुझे बूट वाहून गेले होते, त्या ओढ्यापासून की दुसऱ्या?"

मी हसलो. त्या बुटांची गोष्ट ती दर वर्षी सांगते. बटाटे फार छान झाले होते, दोनदा घेतले.

"रेक्सची लारू आज चर्चमध्ये माझ्या बाकावर होती," आई म्हणाली. "काही बोलली नाही."

"चिडली असेल."

"चिडलेली माणसं बोलतात, वेर्ल."

निघताना तिने माझा उंच जॅक मागितला, लांब दांड्याचा, शेतातला. कोंबड्यांच्या खुराड्याचा एक कोपरा खचलाय म्हणे. मी म्हटलं मी येऊन उचलून देतो. "तुला रस्ता बघायचाय," ती म्हणाली. आईला माझ्या कामाची किंमत आहे.

६ जुलै, रविवार

चार जुलैचा, स्वातंत्र्यदिनाचा शनिवार-रविवार पार पडला. दर वर्षी या दिवसांत रस्त्यावर जत्रा असते. बोइझी शहरातून गाड्या, ट्रेलर, फटाके, कुत्री. या वर्षी लोक खांब शोधत हळू हळू जात होते, आणि भरलेला दिसला की पुढे सरकत होते. एका बाईने खिडकी खाली करून विचारलं, "नंबर असलेली जागा कुठे मिळेल हो?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला. बंद केलेल्या कुरणात एकही नवं रिंगण नाही. ग्रेटाबाईंनी स्वतः येऊन पाहिलं आणि मान हलवली. त्यांची मान सहसा हलत नाही.

एकच गालबोट. सतराचा खांब गेला. बाकी सगळे जागेवर, फक्त सतरा. मोडला नाही, तोडला नाही. सरळ वर उपसून नेलाय, खड्डा विहिरीसारखा गोल. हे काम जॅक आणि साखळी लावून केलेलं आहे, आणि करणाऱ्याला हातोटी आहे. चोर असला तरी कारागीर आहे, हे मान्य करावं लागेल.

१४ जुलै, सोमवार

सतराला नवा खांब. या वेळी जास्त खोल.

हे रेक्सचं काम आहे याबद्दल मला शंका नाही. जळफळाट, दुसरं काय? आज पेंड-खताच्या दुकानात तो भेटला. मी सरळ विचारलं.

रेक्सने पोतं खाली ठेवलं. "मी नाही काढला तुझा खांब."

"मग कुणी?"

"ते माहीत नाही. पण ज्याने काढला त्याला माझ्याकडून यंदाच्या एल्कची एक अख्खी मांडी. सांग त्याला, सापडला तर."

दुकानातले दोघेतिघे हसले. मी हसलो नाही. सरकारी मालमत्ता आहे ती.

२९ जुलै, मंगळवार

पुन्हा गेला. पुन्हा सतराच. मी आता तारखा ताडून पाहिल्या. शनिवारी माझ्या फेरीत होता, सोमवारी सकाळी नव्हता. शनिवार-रविवार दोन्ही दिवस समोरच्या जागेवर एक कुटुंब होतं, ते म्हणतं शनिवारी दुपारनंतरच खांब दिसला नाही. पहिल्या वेळीही शनिवारच. म्हणजे चोर रविवार पाळतो. देवभीरू दिसतो.

आईची कंबर धरली आहे. मलम चोळून दिलं. "या वयात काय उचलत होतीस?" म्हटलं तर म्हणाली, "खुराडं." तो कोपरा अजून खचलेलाच दिसला मला. पण आत तिने कोंबड्यांना बसायला काहीतरी नवं केलंय म्हणे. कंबर बरी होईपर्यंत वाकू नकोस असं बजावलं. ऐकते कसली.

१६ ऑगस्ट, शनिवार

तिसरा खांब परवा लावला. बुडाशी आडवा लोखंडी गज घातला, खाली रुतून बसेल असा. शिवाय ग्रेटाबाईंनी कॅमेरा दिला, जनावरांचे फोटो काढतात तसला, झाडाला बांधायचा. आता बघतो म्हटलं. काल रात्री जेवताना आईलाही सांगितलं. "लाव की," ती म्हणाली. "कुठल्या झाडाला?"

आज पहाटे जाऊन कॅमेरा बांधला. दुपारी परत गेलो. खांब गेला. गजासकट. कॅमेऱ्यात सगळे फोटो पांढरे. त्याच्या तोंडावर कुणीतरी एक फडकं टाकून व्यवस्थित गाठ मारली होती.

फडकं पुरावा म्हणून आणलंय. पिठाच्या पोत्याच्या कापडाचं, भांडी पुसायचं. कोपऱ्यात दोऱ्याने भरलेलं मांजराचं पिल्लू इस्त्री करतंय, खाली भरलंय 'गुरुवार'. या खोऱ्यात प्रत्येक नवरीला चर्चच्या बायका अशी सात फडकी भरून देतात, सात वारांची, त्यामुळे घर कुठलं ते यावरून ठरत नाही. पण एक गोष्ट ठरली. चोर बाई आहे! आणि रेक्स खरंच म्हणाला होता, 'मी' नाही काढला.

फडकं पाकिटात घातलं, वर 'पुरावा' लिहिलं, ऑफिसच्या खणात ठेवलं.

घरी आलो तर आई हकलबेरीची जांभळी रानफळं घेऊन आली होती. सकाळपासून डोंगरात होती म्हणे, आणि अर्धीच बादली. एरवी दोन आणते. वय होतंय तिचं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

फडकं घेऊन बर्डेटांकडे गेलो. आडवळणाने सुरुवात करणार होतो, पण लारूच्या अंगणात दोरीवर सातही फडकी वाळत होती. रविवारपासून शनिवारपर्यंत. मी मोजत होतो आणि लारू मला मोजताना बघत होती.

"काय शोधतोयस, वेर्ल?"

मी पाकीट उघडून दाखवलं. तिने फडकं हातात घेतलं, उलटं केलं, मागचे टाके पाहिले. तिच्या तोंडावर काहीतरी आलं आणि तिने ते आवरलं.

"सुरेख हात आहे," ती म्हणाली. "मागून गाठ दिसत नाही. असा टाका आता कोण घालतं?"

"कोण घालतं?"

"तू ओळखीच्या घरी बघ, बाबा." तिने फडक्याची घडी घातली, चार कोपरे जुळवून, आणि मला परत दिली. "आणि हे जपून ठेव. ज्याचं असेल त्याला लागेल." मग मला तिने ॲपल पाय खायला बसवलं. तीन महिन्यांनी त्या घरात कुणीतरी माझ्याशी धड बोललं. का ते कळलं नाही, पण ॲपल पाय उत्तम होता.

आज चौथा खांब लावला. मी हरणारा माणूस नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

दोन दिवस पाऊस. वरच्या डोंगरावर जोरात पडला असावा, कारण फाटा भरून वाहायला लागला. सतरावर ट्विन फॉल्स गावचं एक जोडपं होतं, दोन मुली. त्यांच्या तंबूखालून पाणी गेलं. मी पोचलो तेव्हा बाप मुलींना खांद्यावर घेऊन रस्त्यावर उभा होता आणि आई पाण्यात बूट शोधत होती. तंबू काढायला मदत केली. शेकोटीची सगळी राख, झुडपामागचे उन्हाळाभराचे बोळे, सगळं फाट्यातून ओढ्याकडे चाललं होतं. चांगलं दृश्य नव्हतं.

"इथे तर सरकारी खांब होता हो," तो बाप म्हणाला. रागाने नाही, आश्चर्याने. राग असता तर बरं झालं असतं.

असा पाऊस वीस वर्षांतून एकदा येतो.

ग्रेटाबाईंनी दुपारी कळवलं की महिन्याच्या शेवटी त्या सगळ्या जागा स्वतः मोजणार. "वरचे विचारतील, तेव्हा मला माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगता आलं पाहिजे. एक जागा जरी खोटी निघाली, तर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवेल?" मी म्हटलं, मोजा की. माझी फीत खोटं बोलत नाही.

झोप लागत नाहीये. पावसाचा आवाज असेल.

१८ सप्टेंबर, गुरुवार

काय काय झालं ते क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या माझाच माझ्यावर विश्वास बसायचा नाही.

आईची लाकडं फोडून द्यायला गेलो होतो. एरवी रविवारी जातो, आज मुद्दाम, गुरुवार बघून. जेवल्यावर ती भांडी धुऊन पुसत होती. हातात फडकं, कोपऱ्यात मांजराचं पिल्लू केर काढतंय. शुक्रवार.

माझी आई वार चुकवत नाही. मी पन्नाशी ओलांडली. सोमवारी मंगळवारचं फडकं मी त्या घरात कधी पाहिलेलं नाही.

"आई, आज वार कोणता?"

"गुरुवार."

"मग हे शुक्रवार का?"

"गुरुवार घरात नाही."

"कधीपासून?"

आईने ताट पुसलं, फडताळात ठेवलं, दार लावलं. "ऑगस्टपासून," ती म्हणाली.

मी उठलो आणि बाहेर खुराड्यात गेलो. कोपरा अजून खचलेलाच होता. तिथे जॅक कधी लागलाच नव्हता. आत कोंबड्यांच्या बसायच्या तीन नव्या दांड्या, तपकिरी, चौकोनी. एकीवर आईची लाल कोंबडी बसली होती. तिला बाजूला केलं. सतरा. दुसरीवर सतरा. तिसरीवर सतरा, आणि बुडाला माझा लोखंडी गज.

मी उलट्या बादलीवर बसलो. आधी राग आला. सरकारी खांब, सरकारी कॅमेरा, आणि माझी स्वतःची आई, माझ्याच जॅकने! मग ते सगळं एकामागून एक आठवायला लागलं, कंबर, अर्धी बादली, 'कुठल्या झाडाला?', लारूचं तोंड. काखेत कळसा आणि गावाला वळसा. अख्ख्या गावाला माहीत होतं. मला सोडून.

आई दारात येऊन उभी राहिली. हातात जॅक, ओढत आणलेला.

"मला तोंडाने सांगायचं होतंस," मी म्हटलं.

"सांगितलं. जूनमध्ये. तू बटाटे खात होतास."

"पण आई, ती आपली जागा आहे. बाबांची."

"मला माहीत नाही का कुणाची आहे ती?" तिचा आवाज चढला आणि मग फुटला. तिला मी बाबांच्या अंत्यविधीनंतर रडताना पाहिलेलं नाही. "त्या लाकडाखाली मी चाळीस वर्षं त्या माणसासाठी भाकऱ्या भाजल्या. मला नको असेल का ती? पण लारू माझ्या शेजारी बसते, वेर्ल. एकाच पुस्तकातून गातो आम्ही. तिची जागा गेली आणि माझी राहिली, ती माझ्या मुलाच्या हातात फीत होती म्हणून. मी कोणत्या तोंडाने गाऊ?"

लाल कोंबडी परत येऊन तिच्या सतरावर बसली.

"तुझा रस्ता चांगला झालाय," आई म्हणाली. "मी जाता-येता बघत होते. एवढा नीट कधी नव्हता. त्यात एक खांब खोटा मला बघवेना." मग तिने जॅक माझ्या पायाशी ठेवला. "हा घेऊन जा. माझं काम झालं असेल तर."

"झालं," मी म्हटलं.

२२ सप्टेंबर, सोमवार

पहाटेच फीत घेऊन गेलो. फाट्याच्या पुराच्या रेषेपासून सतराच्या शेकोटीपर्यंत सव्वीस फूट. मे महिन्यातही सव्वीसच असणार. फीत तेव्हाही माझ्या हातात होती.

ग्रेटाबाईंकडे गेलो आणि सांगितलं. सतरा खोटा आहे, चूक माझी, तुमची मोजणी होण्याआधी मला तो बंद करायचाय. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"बाकीचे?"

"बाकीचे शंभर टक्के. पाहिजे तर माझ्यासमोर मोजा."

"मोजणारच आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांची मान हलली, या वर्षी दुसऱ्यांदा. "आणि खांबचोराचा अहवाल?"

मी आधीच लिहून नेला होता. 'तपास केला. खांब चुकीच्या जागी होता. आता तिथे खांब राहणार नसल्याने प्रकरण बंद करावं.' यात एकही शब्द खोटा नाही. ग्रेटाबाईंनी सही केली. ओठ जरा हलले असं वाटलं.

ट्वायलाला बोलावलं. म्हटलं सतरासाठी धोंडा लागेल, मोठा. ती खो-खो हसायला लागली.

"रस्त्यापलीकडे कोण बसलाय बघ. जूनपासून वाट बघतोय बिचारा."

तो करडा धोंडा. तिने खड्डा खणला, अर्धा धोंडा जमिनीत गेला. मी चौथा खांब माझ्या हाताने उपसला, आईच्या पद्धतीने, जॅक आणि साखळी. फार सोपं पडतं, खरंच. मग बाबांचं आडवं लाकूड सोडवलं. गाठी इतक्या घट्ट होत्या की चाकू काढावासा वाटला, पण कापल्या नाहीत. नखं गेली. सुटल्या शेवटी.

लाकूड पिकअपमध्ये ठेवलं आणि जरा वेळ स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसलो. ट्वायला यंत्राच्या पट्ट्यातला चिखल काढत होती. तो निघून गेल्यावरही काढत राहिली.

१८ ऑक्टोबर, शनिवार

हंगामाचा पहिला शनिवार. काल ग्रेटाबाईंनी सांगितलं. सगळ्या जागा मोजून बरोबर भरल्या, वरच्यांनी मान्य केलं, रस्ता खुला राहणार. पुढच्या वर्षी शेजारच्या दोन खोऱ्यांत हीच पद्धत, आणि मोजायला मी जायचं. मी म्हटलं जातो, पण आमच्या गावात मोजायचं असेल तर दुसरा माणूस पाठवा.

आज आईला घेऊन रस्त्यावरून गेलो तेव्हा प्रत्येक खांबापाशी कुणी ना कुणी होतं. धूर सरळ वर जात होता. बंद जागांवर गवताचं पहिलं पातं दिसतंय, बर्डेटांच्या धोंड्यांमागेसुद्धा. मी अभिमानी माणूस आहे, आई म्हणते ते खोटं नाही. पण मे महिन्यातला अभिमान आणि आजचा, यात फरक आहे. आज त्यात माझ्याखेरीज बरीच माणसं होती.

बावीस नंबरवर रेक्स आणि लारू होते. एका खांबाला तीन गाड्या चालतात. रेक्सने हात करून आमचा पिकअप थांबवला. "गाडी लाव इथे. दुसरीकडे जागा नाही, कुणीतरी फार धोंडे टाकलेत." बाबांचं लाकूड आम्ही दोघांनी मिळून दोन झाडांना बांधलं. रेक्सचा एल्क काल पडला होता. टांगून झाल्यावर त्याने त्याची एक अख्खी मांडी कापडात गुंडाळून आणली आणि आईपुढे टेबलावर ठेवली.

"हे कशाबद्दल?" आईने विचारलं.

"वेर्लला विचार. त्याच्यासमोर बोललो होतो, दुकानात."

लारू तोंड फिरवून हसायला लागली. आईचं तोंड लाल झालं, आणि मग तीही. ट्वायला पुढच्या जागेवरून ओरडली, काय झालं, आम्हालाही सांगा. पण या दोघींना बोलताच येईना.

जेवण झालं. भांडी घासून झाली आणि आईने न बघता हात पुढे केला, पुसायला काही द्या म्हणून. मी कोटाच्या खिशातून पाकीट काढलं, वरचं 'पुरावा' खोडलेलं, आणि फडकं तिच्या हातात दिलं. तिने पाहिलं, झटकलं, आणि कामाला लागली.

आज शनिवार. माझ्या आईने सगळी भांडी गुरुवारने पुसली आणि ओलं फडकं बावीस नंबरच्या खांबावर वाळत घातलं. खांबावर काहीही टांगायचं नाही, हा नियम मीच केलेला आहे. वाऱ्याने उडू नये म्हणून मी त्याला एक गाठ मारली.